दीड लाखाची लेन्स घ्यावी का?

साताऱ्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, कासच्या फुलांचे फोटो काढायचं वेड. तेरड्याचा फोटो स्पर्धेला दिला, तो 'डेप्थ कमी' असा शेरा मारून परत आला. दुकानदार म्हणतो, एफ/२.८ ची लेन्स घ्या, दीड लाखाची. पैसे तिच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेले. लेन्स घ्यावी का, आणि यात पोट भरतं का?

ताई, लेन्स घेऊ नका. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र मोठं, म्हणजे एफ/२.८ ला छिद्र मोठं, आणि छिद्र जितकं मोठं तितकी स्पष्ट दिसणारी खोली कमी. म्हणजे शेऱ्यात जे कमी म्हटलंय, ते आणखी कमी करणारी वस्तू दुकानदार तुम्हाला विकतोय! ती लेन्स पहाटेच्या अंधुक उजेडात पळणाऱ्या जनावराला लागते, जागेवर उभ्या तेरड्याला नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पाकळ्या रेखीव आल्यात, पण फुलामागची बाकदार शेपटी पार पुसली गेलीय. तेरड्याची जात ओळखताना वनस्पतीवाले ती शेपटी आधी बघतात. मुलीने फूल समोरून टिपलंय. तेच बाजूने, कॅमेरा फुलाला समांतर धरून घेतलं असतं तर पाकळी आणि शेपटी एकाच पातळीत आली असती. खर्च शून्य. अगदी जवळून, फूल सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चकतीवर) त्याच्या खऱ्या आकाराचं येईल इतकं टिपलं, तर एफ/११ वरही जेमतेम मिलिमीटरभर खोली मिळते. तिथे कोन सांभाळावाच लागतो.

पठाराचा गालिचा आणि मागचे डोंगर दोन्ही हवे असतील, तर कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स पुरे. ती १८ वर ठेवायची, एफ/११, फोकस दीड मीटरवर. तिच्या कॅमेऱ्यात पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट दिसेल. एफ/२२ पर्यंत जाऊ नये, चित्र उलट मऊ पडतं. छिद्र लहान केलं की शटर मंदावतं, म्हणजे जास्त वेळ उघडं राहतं, आणि कासचा वारा फुलांना उभं राहू देत नाही, तेव्हा आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची तीव्रता) वाढवायचा, चित्रात थोडे दाणे दिसले तरी चालतील. कॅमेरा जमिनीलगत टेकवायला कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून न्या. (दुकानात अशीच पिशवी 'बीन बॅग' म्हणून मिळते.)

आता पोटाचं. नुसत्या निसर्गाच्या फोटोंवर सुरुवातीची वर्षं घर चालत नाही, हे स्पष्ट सांगतो. माझ्या ओळखीतले बहुतेक जण लग्नं, दागिने, जाहिराती करतात आणि उरलेल्या वेळात जंगल. दागिन्यांच्या कामातही हीच खोली सांभाळायची असते, हे तिला सांगा. मला तिच्यासाठी बी.एस्सी. वनस्पतीशास्त्र जास्त पटतं. फूल ओळखता येणारा आणि ओळख पटेल असा फोटो काढणारा माणूस मिळणं कठीण असतं. नंतर ओढ टिकलीच, तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे. आत्ताच कलेकडे वळायचं असेल तर मुंबईत जे.जे. कला महाविद्यालयातली उपयोजित कला.

सप्टेंबरात कासला गेलात की एकाच तेरड्याचे एफ/५.६, एफ/११ आणि एफ/१६ वर तीन फोटो, तेही बाजूने, मला पाठवायला सांगा. पायवाट सोडून फुलांत बसून मात्र नको.