सगळं चांगलं आहे, तरी रडू येतं

प्रिय बाळ,

सलाम. तू आपल्या मॉर्मन चर्चच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर गेल्यापासूनचे तुझे दोन्ही मेल मिळाले. पहिला तो सगळ्यांना जातो तो, इंग्लिशमधला, त्यात स्नो अमेझिंग, कम्पॅनियन (मिशनमधली जोडीदार) अमेझिंग, कुणाच्या तरी घरचं जेवण अमेझिंग आणि खाली बारा फोटो. तो तुझ्या आईने रविवारी मीटिंग सुटल्यावर प्रत्येकाला मोबाईल हातात देऊन दाखवला, मला तर दोनदा दाखवला. आणि दुसरा तू फक्त मला पाठवलास, दीड ओळीचा, मराठीत. मावशी इथे सगळं चांगलं आहे तरी रडू येतं, माझं काही चुकतंय का. हे पत्र त्या दीड ओळीला आहे.

नाही, काही चुकत नाहीये. आणि प्रार्थना कमी पडतेय वगैरे पण नाही, ते कुणी सांगितलं तर हो म्हण आणि सोडून दे.

मला काय वाटतं सांगते. आपल्या चर्चमध्ये चहा-कॉफी चालत नाही, तर इथे आपण कसे राहतो बघ. कॉलेजात, ऑफिसात, साखरपुड्याला, कुठेही गेलं की चहा येतो आणि आपण नको म्हटलं की चौकशी सुरू. ॲसिडिटी आहे का? उपास आहे का? बरं मग कॉफी घे. कॉफी पण नाही?? तुम्ही ख्रिश्चन ना, आमच्या शेजारचे ख्रिश्चन तर मस्त चहा पितात. माझी नगरची आजी तर शेवटपर्यंत म्हणायची की देवळातून उपासना सुटल्यावर कपभर चहा मिळत नाही ते कसलं देऊळ, तिच्या मते जे चर्च चहा सोडायला लावतं त्यात नक्कीच काहीतरी गडबड आहे. तर असं दिवसातून दोन-तीनदा नको म्हणत म्हणत आपण मोठे होतो, आणि आपल्याला वाटतं आपला विश्वास फार ताठ आहे. ताठ असतो पण तो भिंतीला पाठ लावून बसल्यामुळे. जगात आपले पावणेदोन कोटीच्या आसपास लोक असतील, पण पुण्यात रविवारी आपण किती असतो ते तुला माहितीय, त्यामुळे पाठ टेकायला भिंत कायम असते.

आणि आता तू अमेरिकेत सॉल्ट लेकला, आपल्या चर्चच्या मुख्य ठिकाणी, ते पण टेम्पल स्क्वेअरला, मंदिराच्या चौकातच. तिथे तुला चहा कुणी विचारतच नाही. बॅज बघून कुणी वळून बघत नाही, दुकानातली बाई पण सिस्टर म्हणते, बसस्टॉपवरच्या आजोबांनी पण स्वतः दोन वर्षं कुठेतरी ब्राझीलला नाहीतर फिलिपिन्सला मिशन केलेलं असतं आणि ते आपली गोष्ट सांगायला लागतात. भिंतच काढून घेतली. मग माणूस हलणारच ना. मला कुणी हे आधी सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे बाहेरच्या देशात लोक दार आपटतील, शिव्या देतील, मन घट्ट कर. मी मन घट्ट करून गेले आणि तिथे सगळे हसून दार धरून उभे, आणि मी दुसऱ्या आठवड्यात बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

माझं मिशन २००८ चं. तेव्हा मुलींना २१ पूर्ण लागायची, ते २०१२ मध्ये १९ वर आलं, म्हणजे तुझ्यापेक्षा मी वयाने मोठी आणि तरी ही अवस्था. प्रोव्होला मिशनरींच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये पहिल्या दिवशी बॅजवर केशरी ठिपका चिकटवायचे, नवीन आलाय हे कळावं म्हणून. तो ठिपका काढला तरी मला बरेच दिवस तो तिथेच आहे असं वाटायचं.

आणि बॅजखालचा तो झेंडा. टेम्पल स्क्वेअरच्या सिस्टर्सना आपापल्या देशाचा झेंडा लावायला देतात ते मला आधी फार आवडलं. मग लक्षात आलं की दिवसभर मी सिस्टर अमुक नाही, मी इंडिया आहे. नमस्ते, आय लव्ह करी, माझा एक डॉक्टर इंडियन आहे, ही तीन वाक्यं रोज. लोक प्रेमाने बोलतात गं, त्यांच्यावर राग धरू नकोस, पण संध्याकाळपर्यंत गाल दुखतात हसून हसून. तुझ्या फोटोत तेच हसू आहे, मी ओळखलं.

तुला टॅबरनॅकलची गोष्ट सांगितलीय का मी? नसेल तर ऐक. १८६७ मध्ये उभा राहिलेला तो उलट्या होडीसारखा हॉल, तिथे पुढे पुल्पिटवर टाचणी टाकली की अगदी मागच्या बाकावर टक् ऐकू येतं, हे दाखवायची आमची ड्युटी असायची. कम्पॅनियन पुढे टाचणी टाकायची आणि मी मागे उभी राहून पाहुण्यांना विचारायचे, ऐकू आली का. एका दुपारी ग्रुप आला, त्यातलं एक जोडपं मागे न येता पुढेच रेंगाळलं, बाईंच्या पायात चपलेखाली मोजे, काकांच्या डोक्यावर माकडटोपी, मी लांबूनच ओळखलं. टाचणी पडायच्या आधी सगळे गप्प झाले आणि त्या शांततेत काकूंचं कुजबुजणं माझ्यापर्यंत स्वच्छ आलं, "अहो, ती मागची आपल्याकडचीच दिसतेय. हिला कुणी फसवून तर आणलं नाही ना?"

टाचणी पडली की नाही मला आठवत नाही. मी तिथूनच मराठीत म्हटलं, "काकू, नाही हो, मी आपणहून आलेय." काकू इतक्या दचकल्या. मग पुढची दहा मिनिटं टूर बाजूला राहिली, ठाण्याचे निघाले, मुलगा कॅलिफोर्नियात, यलोस्टोन बघून परत चालले होते. काकांचा पहिला प्रश्न पगार किती. म्हटलं पगार नाही, उलट आपणच पैसे भरायचे. काका एकदम गप्प झाले, बहुतेक मनात काकूंच्या बाजूने झाले. काकूंनी पर्समधून चिवड्याची पुडी काढली, रबर लावलेली, अर्धी संपलेली, आणि माझ्या हातात कोंबली. धर्माबद्दल एक शब्द झाला नाही. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये मला काही लिहिता आलं नाही, ना कुणाचा पत्ता, ना फोन नंबर. पण अठरा महिन्यांत मी कुणाशी नीट बोलले असं विचारलंस तर त्या काकूच आठवतात. कारण त्यांनी शंका घेतली होती. कुणीतरी मला परत भिंत दिली होती, दहाच मिनिटं का होईना.

म्हणून सांगते, तिथे येणाऱ्यांत जे शंका घेतात, जे उलटं बोलतात, त्यांना टाळू नकोस, तुझं तेच औषध आहे. आणि एप्रिल-ऑक्टोबरच्या जनरल कॉन्फरन्सला, चर्चच्या मोठ्या अधिवेशनाला, गेटबाहेर भोंगे घेऊन उभे राहणारे भेटतीलच, तुमचा ख्रिस्त खोटा, तुम्ही नरकात जाणार. पहिल्यांदा ऐकलं की पोटात गोळा येतो. मला मात्र खरं सांगू का, अगदी घरी आल्यासारखं वाटलं, आमचे नगरचे सगळे चुलते हेच म्हणतात, फक्त भोंग्याशिवाय आणि जेवायला वाढता वाढता.

बरं, कम्पॅनियन. तू तिच्याबद्दल चांगलंच लिहिलंयस म्हणजे काहीतरी आहे. चोवीस तास एकाच माणसाच्या नजरेसमोर राहायचं, सख्ख्या बहिणीबरोबर पण आपल्याला जमत नाही, आणि ही सहा आठवड्यांपूर्वी आपल्याला माहीतसुद्धा नव्हती. माझी पहिली आयडाहोची, शेतकऱ्याची पोर, मनाने सोनं, पण बोलणं सरळ तोंडावर. मी खोबरेल तेल नेलं होतं, निळी बाटली, ती तिथल्या थंडीत दगड व्हायची म्हणून मी हीटरच्या जाळीवर ठेवायचे. एका रात्री झाकण नीट लागलं नव्हतं. सकाळी कार्पेटवर ताटाएवढा डाग आणि अख्ख्या अपार्टमेंटला खोबऱ्याचा वास. ती काही बोलली नाही, गुडघ्यावर बसून माझ्याबरोबर साबणाने घासलं. आणि मग आठवड्याची ती मीटिंग असते ना, समोरासमोर बसून एकमेकींना काय चांगलं काय खुपतं ते सांगायची, त्यात ती शांतपणे म्हणाली, सिस्टर, डागाचं काही नाही पण त्या वासाने मला पहिल्या दिवसापासून मळमळतं.

आता आपल्याकडे असं कुणी सांगतं का? आपण खिडकी उघडतो, नाक उडवतो, तिसरीकडे बोलतो, आणि समोरच्याने समजून घ्यायचं. मला वाटलं हिने माझ्या आईलाच नावं ठेवली. दोन दिवस मी कामापुरतंच बोलले आणि तिला ते कळलंच नाही! तिला वाटलं मी दमलेय. अबोला धरायला पण समोरच्याला अबोला कळावा लागतो, नाहीतर काय उपयोग. शेवटी मीच सांगितलं, आणि ठरलं की तेल फक्त पी-डेच्या, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीच्या, आदल्या रात्री, टॉवेल बांधून, खिडकी फटभर उघडी ठेवून. तिला तो वास शेवटपर्यंत आवडला नाही, मला ती उघडी खिडकी शेवटपर्यंत आवडली नाही. पण चाललं. तू पण जे असेल ते बोल, इंग्लिश तोडकंमोडकं आलं तरी चालेल, मनात ठेवून ते मला पुण्याला लिहिण्यात काही अर्थ नाही, मी काय करणार इथून.

शरीराकडे बघ जरा. तिथली हवा कोरडी आणि शहर तेराशे मीटरवर, नाकातून रक्त आलं तर घाबरू नकोस, पाणी पीत जा, नाकाला आतून व्हॅसलिन. जानेवारीत डोंगरांच्या मधे धूर अडकून बसतो आणि सूर्य दिवसदिवस नीट दिसत नाही, त्या दिवसांत रडू जास्त येतं, ते रडू हवेचं असतं, उगीच स्वतःचा आत्मा तपासत बसू नकोस. काळ्या बर्फावर बदकासारखं चालायचं, मी स्टाईलमध्ये चालले आणि कंबर धरून बसले. जेवणात बटाटा-चीज-बटाटा होणार, मसाल्याची डबी जवळ ठेव. आणि हो, प्रोव्होच्या पुढे स्पॅनिश फोर्कला राधाकृष्णाचं मंदिर आहे, तिथल्या होळीला आपल्या चर्चची हजारो पोरं जातात रंग खेळायला, मला आधी कुणीतरी चेष्टा करतंय असंच वाटलेलं.

रस्ता चुकायची भीती वाटत असेल तर त्याला एक सोपं आहे. त्या शहराचे सगळे पत्ते तुझ्या चौकातूनच मोजतात, टेम्पल स्क्वेअरचा आग्नेय कोपरा म्हणजे शून्य. ३०० साऊथ म्हणजे तिथून तीन ब्लॉक खाली, ५०० ईस्ट म्हणजे पाच ब्लॉक पूर्वेला. पुण्यात आपण मारुतीच्या देवळामागे, गिरणीच्या समोर असं सांगतो, तिथे सगळं शहर तुझ्या कामाच्या जागेपासून मोजलेलं.

आता फोनचं. आम्हाला वर्षातून दोनदा फोन असायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, बाकी मेल. २०१९ पासून तुम्हाला दर आठवड्याला घरी बोलता येतं. लोक म्हणतात नशीबवान आहात. मला नाही तसं वाटत, निदान पहिल्या तीन महिन्यांत तरी. आमची जखम एकदाच बांधून टाकली होती, तुमची दर आठवड्याला पट्टी सोडून बघतात. कॉल बंद कर असं म्हणत नाही, आईला सोसणार नाही. पण कॉल झाला की लगेच अंथरुणात शिरू नकोस. कपडे धुवायला जा, बाजार आण, कुणाशी तरी फालतू बोल. आणि हिवाळ्यात तुझ्या घड्याळात अर्धा तास मिळवायचा आणि दिवसाची रात्र करायची की पुणं, त्यामुळे तुझ्या सकाळी आठला आईच्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात, भाकऱ्या टाकत असते ती, जास्त लांबवू नकोस.

आकड्यांनी पण तू घाबरली असशील, किती लोकांशी बोललीस, किती नावं आली. आपल्या चर्चचा पुण्यात पहिला मिशनरी आला त्याचं सांगते. ह्यू फिंडले, स्कॉटलंडचा. १८५२ मध्ये मुंबईला उतरला, पेपरवाले मागे लागले, लष्करवाल्यांनी त्रास दिला, मग पुण्याला आला, आणि १८५३ मध्ये इथे मंडळी उभी केली ती जेमतेम डझनभर माणसांची. ती पण पुढे टिकली नाही. दोन-अडीच वर्षं तो इथे झिजला आणि गेला. त्याच्या घरच्यांना पत्र जायला-यायला महिने लागत असणार. आता त्याला यश आलं की नाही यावर मी बोलणार नाही, माझं डोकं नाही तेवढं, पण कॅम्पातून रिक्षाने जाताना मला कधी कधी तो आठवतो, उन्हात, जाड कोटात. त्या डझनभरांतल्या एकाने तरी त्याला जेवायला बोलावलं असेल, आणि हा आमटीने घामाघूम झाला असेल. हे माझं आपलं कल्पनेतलं हं.

एक गोष्ट मात्र गंभीर. रडू येणं वेगळं आणि झोप न लागणं, घास न जाणं, सकाळी उठावंसंच न वाटणं वेगळं. हे दुसरं सुरू झालं तर वाट बघू नकोस. मिशन प्रेसिडेंटला दर आठवड्याला पत्र लिहितेस ना, त्यात अमेझिंग लिहू नकोस, हे लिही. त्यांच्या मिसेसशी बोल. काउन्सेलरची सोय असते, मागायला लाजू नकोस. आणि घरी लवकर परत यावं लागलंच तर ये. माझ्याबरोबरची एक जण चौथ्या महिन्यात परत गेली, तिच्या गावच्या लोकांनी तिला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, इतकी चांगली मुलगी, अजून मी तिच्यासाठी चिडते. तू आलीस तर स्टेशनवर मी उभी असेन, बाकीच्यांचं मी बघते.

मी असताना नॉर्थ व्हिजिटर्स सेंटरमध्ये ती पांढरी ख्रिस्ताची मूर्ती होती, वर निळं आकाश रंगवलेलं, चक्राकार चढावरून वर जायचं. रात्रीची ड्युटी संपताना मी तिथे पाच मिनिटं नुसती बसायचे, प्रार्थना वगैरे नाही, बूट काढून. ती इमारत आता पाडली म्हणे. चौकातलं आपलं मंदिर पण २०१९ च्या शेवटापासून दुरुस्तीला काढलेलं, २०२० च्या भूकंपात तर वरच्या मोरोनी देवदूताच्या पुतळ्याच्या हातातला कर्णाच पडला होता. तू तुझी जागा शोध, एखादं बाक, एखादा जिना, कुठेही, जिथे बॅज असला तरी कुणी नमस्ते म्हणणार नाही. कम्पॅनियनला सांगून ठेव, ती पाच मिनिटं शेजारी गप्प बसेल.

आईने लसणाची चटणी आणि मेतकूट बांधून ठेवलंय, पोस्टाचा खर्च ऐकून बाबा हबकलेत पण पाठवणार आहेत. पत्ता नीट अपार्टमेंट नंबरसकट लिही, मागच्या वेळी नुसतं साऊथ लिहिलंस. आणि मला उत्तर मराठीतच लिही, दीड ओळीचं चालेल.

तुझी,
मावशी