वाचकांचे प्रश्न : ६०० घेऊ की ४००?

प्रश्न : ताई, मी बँकेत नोकरी करतो. शनिवार-रविवारी आझाद मैदानावर शालेय आणि क्लब क्रिकेटचे फोटो काढतो, त्याचे थोडे पैसेही मिळतात. हिवाळ्यात ठाणे खाडीवर, भांडुप पंपिंग स्टेशन आणि ऐरोलीला पक्ष्यांसाठी जातो. कॅमेरा निकॉन झेड ६ टू, लेन्स ७०-२००. कर्ज काढून ६०० एमएम एफ/४ घ्यायचं मनात आहे, की ४०० एमएम एफ/२.८ बरी? दोन्हीकडे एकच लेन्स चालेल ना?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : या लेन्ससाठी तरी कर्ज काढू नका. दहा लाखांच्या पुढची वस्तू आहे ती, आणि तुमच्या मैदानावर ती अडचणच करेल.

सीमारेषेवरून खेळपट्टी सत्तर मीटरवर आहे असं धरा. तुमच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात तिथे ४०० एमएमची आडवी फ्रेम सुमारे सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच पडते. फलंदाज आणि यष्टिरक्षक आरामात मावतात. ६०० एमएमला रुंदी चार मीटरवर येते. एकटा फलंदाज छान भरतो, पण विकेट पडून पोरं गोलंदाजाकडे धावली की कुणाचं डोकं जातं, कुणाचा हात. झेलासाठी एखादा तुमच्याच दिशेने धावत पंचवीस मीटरवर आला, तर फ्रेमची उंची उरते जेमतेम एक मीटर. आईवडिलांना तर तोच फोटो हवा असतो. मुलगा पायापासून डोक्यापर्यंत, चेंडूसकट.

आझाद मैदानाची खोड तुम्हाला ठाऊकच आहे : आपल्या फलंदाजाच्या मागे दुसऱ्याच सामन्याचा पंच उभा असतो. ही गर्दी धूसर करायला अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, मोठं लागतं. एमएमच्या आकड्याला एफ/पुढच्या आकड्याने भागलं की त्याची रुंदी मिळते. ४०० ला २.८ ने भागा, १४३ मिलिमीटर येतात. निकॉनची झेड १८०-६०० ही झूम लेन्स ६०० वर एफ/६.३ असते; ६०० ला ६.३ ने भागलं तर ९५. मागचा पंच विरघळणार की स्पष्ट दिसत राहणार, हे बरंचसं या आकड्यावर ठरतं. लेन्सचं वजन आणि किंमतही त्याच्याच मागे चढते. शिवाय डिसेंबरात चारनंतर ऊन उतरतं. एफ/२.८ ला १/१६०० सेकंद शटरवर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० पुरत असेल, तर एफ/६.३ ला सोळा हजार लागेल. तेवढ्यावर चेहऱ्याचा तपशील मऊ पडतो, आणि मला ते सहन होत नाही.

खाडीवर सगळं उलटं. सकाळी प्रकाश भरपूर, पक्षी लांब, आणि बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, कारण इंजिनाची थरथर पायांतूनच वर येते. तिथे लेन्स हातात धरावी लागते. ६०० एफ/४ सव्वातीन किलोची, झेड १८०-६०० कॉलरसकट (स्टँडला जोडायच्या कड्यासकट) दोन किलोंच्या थोडी वर. झूम करताना तिची नळी बाहेर येत नाही, त्यामुळे हातातला तोल बिघडत नाही. शेकाट्या जवळ आला तर १८० वर या, खंड्या लांब बसला तर ६०० वर जा. अंतराला मात्र लेन्स हा इलाज नाही. ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरते आणि महागातल्या लेन्समधूनही रोहित पक्षी पाण्यात पाहिल्यासारखे दिसतात. भरतीचं वेळापत्रक बघून लवकर पोहोचा. पाणी चढतं तसे चिखलात चरणारे पक्षी काठाकडे सरकतात. आपण काठावर स्वस्थ बसायचं, त्यांच्यामागे चिखलात उतरायचं नाही.

म्हणून माझं मत : आज १८०-६०० घ्या, साठलेल्या पैशांतून. संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या किंवा प्रकाशझोतातल्या सामन्याचं काम आलं की ४०० एफ/२.८ भाड्याने आणा आणि भाडं बिलात लावा. मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड, विसरू नका. ती लेन्स सीएसएमटीपासून मैदानापर्यंत स्वतः उचलून न्या, दिवसभर वापरा, परतीची लोकल पकडा. खांदा काय म्हणतो ते दुकानाच्या काउंटरवर कळत नाही. भाड्याची रक्कम महिन्यामागून महिना हप्त्याइतकी होऊ लागली तर खुशाल कर्ज काढा, पण झेड ४०० एफ/२.८ टीसीसाठी. तिच्यात १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (टीसी), म्हणजे लेन्सची पोच वाढवणारा भाग, आतच आहे. बोटाने खटका सरकवला की ५६० एफ/४ होते, आणि मग खाडीही सांभाळली जाते.

प्रश्न : सेकंडहँड टेली लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) घेताना काय बघावं?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : आधी बुरशी. दोन्ही झाकणं काढा, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर सौदा सोडा, किंमत कितीही उतरली तरी. मग ऑटोफोकस जवळून लांब, लांबून जवळ फिरवून आवाज ऐका. त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का, हे सर्व्हिस सेंटरला विचारूनच पैसे द्या. आणि घरी आणल्यावर पावसाळ्यात ती बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आर्द्रतामापकाचा काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये.