लहानपणी आवडलेला व्हिडिओ गेमवर बेतलेला १९९५ चा 'मॉर्टल कॉम्बॅट' हा चित्रपट आज पुन्हा बघावा का, की सरळ २०२१ चाच लावावा?

जुनाच लावा. मी गेल्याच आठवड्यात बघितलाय. आवडला, पण लहानपणी ज्यासाठी आवडायचा त्यासाठी नाही.

तेव्हा मला फक्त स्कॉर्पियन हा निन्जा हवा असायचा. त्याच्या तळहातातून सापासारखं जे वळवळत बाहेर येतं ना, तेवढ्यासाठी मी कॅसेट मागे फिरवून फिरवून बघायचो. आज नेमकं तेच केविलवाणं दिसतं. रेप्टाइलचा तो सरडा तर कुणीतरी कॉम्प्युटरवर अर्धा रंगवून जेवायला उठून गेल्यासारखा आहे. उलट चार हातांचा गोरो अजूनही खराखुरा वाटतो, कारण तो कॉम्प्युटरमधला नाहीच. रबरी सूटच्या आत माणूस आहे आणि वरचा चेहरा यंत्राने हलतो. अवघडल्यासारखा चालतो बिचारा, पण समोर उभा राहिला की जागा व्यापतो.

कथा म्हणाल तर १९९२ च्या मूळ गेममध्ये होतीच किती? एक बेट, एक स्पर्धा, समोर येईल त्याला लोळवायचं. दिग्दर्शक पॉल अँडरसनने शहाणपणा केला, तेवढंच उचललं. ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'चा सांगाडा सरळ दिसतो, पण त्याने काही बिघडत नाही. आउटवर्ल्ड या दुसऱ्या जगातले सलग नऊ वेळा जिंकलेत, दहावी जिंकले की पृथ्वी त्यांची. एका वाक्यात डाव कळतो आणि मग कोण कुणाशी भिडणार याचीच वाट बघायची. २०२१ च्या चित्रपटात रक्त भरपूर आहे, हिरोयुकी सानादासारखा नट आहे, सुरुवातीचा प्रसंग तर जुन्यापेक्षा कितीतरी सरस आहे. पण ज्या स्पर्धेसाठी एवढी जमवाजमव चालते, ती सुरूच होत नाही! वर नायक म्हणून गेममध्ये नसलेलाच माणूस आणून बसवलाय.

जुन्यात रक्त जवळपास नाहीच. ज्या गेमच्या रक्तपातावरून १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली, त्याचा चित्रपट इतका सोवळा, यावर तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आता वाटतं, बरंच झालं. रक्त नसल्यामुळे मारामारीच नीट दाखवणं भाग पडलं.

आणि मारामारीचं एक गंमतशीर आहे. आधी चाचणीच्या खेळांना आलेल्या प्रेक्षकांना ती कमी वाटली, म्हणून काही नंतर चित्रित करून घातली. जॉनी केज विरुद्ध स्कॉर्पियन आणि लिऊ कँग विरुद्ध रेप्टाइल या त्यातल्याच. चित्रपटातल्या सगळ्यात चांगल्या दोन्ही याच! लिऊ कँग झालेला रॉबिन शू हाँगकाँगच्या चित्रपटांत तयार झालेला, त्यामुळे रेप्टाइलशी भिडताना लाथ कुठून निघाली आणि कुठे बसली ते स्वच्छ दिसतं. बाकीच्यांचं काय सांगू, सगळं गोठवणाऱ्या सब-झीरोसारख्या पात्राला बादलीभर पाण्यात गुंडाळलंय.

लहानपणी मी संवाद आले की पुढे पळवायचो. आता मजा तिथेच आली. ख्रिस्तोफर लँबर्टचा रेडन विजेचा देव असून मिश्कील हसत असतो, जणू या लोकांना घेऊन पृथ्वी वाचवायची याचं त्यालाच हसू येतंय. आणि खलनायक शँग त्सुंग झालेला कॅरी-हिरोयुकी टागावा! तो प्रत्येक वाक्य चघळून चघळून बोलतो. २०१९ मध्ये अकराव्या गेमसाठी त्याचाच चेहरा आणि आवाज परत घेतला, यात सगळं आलं.

१९९७ चा दुसरा भाग मात्र त्याच ओघात लावू नका. प्रमुख मंडळींपैकी रॉबिन शू आणि किटाना झालेली टलिसा सोटो एवढीच दोघं त्यात उरलीत, रेडनसुद्धा दुसराच आहे. मी वीस मिनिटांत बंद केला.

आणि हो, पहिला लावाल तेव्हा आवाज आधीच वाढवून ठेवा. 'मॉर्टल कॉम्बॅट!' ही आरोळी अगदी सुरुवातीलाच येते.