मक्यात कामगंध सापळे लावले, तरी पोंग्यात अळी कशी?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की पारोळ्याकडे एक एकर मक्यात पाच सापळे लावले, दहा दिवसांत चारच पतंग सापडले आणि पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, मात्र अळी आहेच, मग सापळे हे नुसतं खूळ आहे का?

आधी ल्यूरचं, म्हणजे सापळ्यात टांगलेल्या गंधाच्या गोळीचं, रिकामं पाकीट शोधा आणि त्यावरचं नाव वाचा. मक्याच्या पोंग्यातली ही अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही शिरली. आमच्या चोपड्याकडे ती नवीनच होती तेव्हा दुकानातून मला स्पोडोप्टेराचं म्हणून जे ल्यूर मिळालं, ते लिट्युराचं निघालं, म्हणजे तंबाखूवरच्या अळीचं. आडनाव एक, गंध वेगळा. तुम्हाला पाहिजे फ्रुजिपर्डाचं, म्हणजे या लष्करी अळीचं.

पाकीट बरोबर असेल तर सापडलेला पतंग तळहातावर घ्या. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरट डाग असतो, मधे फिकट तिरपा ठिपका. नुसता वाळल्या गवताच्या रंगाचा, साधा पतंग असेल तर तो मोजायचा नाही. या गंधाला दुसऱ्या जातीचे पतंगही भुलून येतात. पंखांची भुकटी झडली की ओळखणं अवघड, म्हणून रोज सकाळीच बघा.

आता खरी गोष्ट. ल्यूरला मादीचा वास असतो, त्यामुळे येतात ते नर. अंडी घालणारी मादी सापळ्याकडे फिरकत नाही, आणि शेजारच्या रानात फळून आलेली मादी तुमच्याकडे अंडी घालतेच. पतंग एका रात्रीत कित्येक कोस उडतो. एकरी पाच सापळे पतंग संपवायला नाहीत, ते कधी आले हे कळायला आहेत. तुम्ही पोंग्यात अळी दिसल्यावर सापळे लावले असतील तर ती खबर हुकली. मी आता मका उगवायच्या आत लावतो. सापळ्यामागे तीन पतंग झाले की, किंवा कोवळ्या मक्यात शंभरात पाच झाडांवर खाल्ल्याच्या खुणा दिसल्या की फवारणी. सापळा रिकामा असला तरी झाडं बघायचीच.

ल्यूरला तंबाखू मळलेला हात लावू नका. पीक वाढेल तसा सापळा वर घ्या, पानांत दडला तर वास पसरत नाही.

आणि सापळ्याच्या पिशवीचं खालचं तोंड बांधलंय ना? हसू नका, आमच्या सालदारानं पंधरा दिवस ते उघडंच ठेवलं होतं.