कृष्णविवर दिसत नाही, मग ते आहे हे कशावरून?

कृष्णविवरे आणि अवकाशातील इतर चमत्कारिक वस्तूंविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच शंका आहे : जी वस्तू स्वतः प्रकाश देत नाही, तिच्याविषयी शास्त्रज्ञ इतक्या खात्रीने कसे बोलतात? ही शंका रास्त आहे. म्हणूनच नुसती नवलाई न सांगता, प्रत्येक शोधामागचा पुरावा कोणता आणि तो कुठवर पोहोचतो, हे मांडण्यावर आम्ही भर दिला आहे.

प्रश्न : कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही असे आपण वाचतो आणि त्याच कृष्णविवराचे छायाचित्रही पाहतो. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील?

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत, कारण त्या चित्रात जे उजळ दिसते ते कृष्णविवर नसून त्याच्याभोवती प्रचंड वेगाने फिरणारा तप्त वायू आहे. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चित्रात, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम८७ या दीर्घिकेच्या (ताऱ्यांच्या महाप्रचंड समूहाच्या) केंद्रातील एक नारिंगी कडे दिसते. नारिंगी रंग संगणकावर दिलेला आहे. मूळ नोंदी १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींच्या आहेत. मधला काळा भाग ही कृष्णविवराची सावली होय. ज्या सीमेपलीकडे गेलेला प्रकाश परत येऊ शकत नाही ते घटनाक्षितिज या सावलीहूनही लहान असते. जवळून जाणारे प्रकाशकिरण गुरुत्वाकर्षणामुळे वाकतात आणि त्यामुळे सावली क्षितिजाच्या सुमारे अडीचपट मोठी दिसते. कड्याच्या आकारावरून या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट निघाले.

हे चित्र एका दुर्बिणीने टिपलेले नाही, हे लक्षात घ्यायला हवे. एप्रिल २०१७ मध्ये पृथ्वीवरच्या सहा ठिकाणच्या आठ रेडिओ दुर्बिणी एकाच मोहिमेत निरीक्षणासाठी वापरल्या गेल्या आणि प्रत्येक ठिकाणच्या नोंदींवर आण्विक घड्याळाने वेळेचे शिक्के उमटवले गेले. नोंदी इतक्या प्रचंड होत्या की त्या इंटरनेटवरून पाठवणे व्यवहार्य नव्हते. हार्ड डिस्क विमानाने न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमाने पुन्हा सुरू होईपर्यंत, म्हणजे त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत, अडकून पडल्या होत्या. पुढे चार गटांनी एकमेकांशी संपर्क न ठेवता स्वतंत्रपणे चित्रे तयार केली आणि चारही चित्रांत तेच कडे उमटले.

माझ्या मते याहून भक्कम पुरावा जानेवारी २०२४ मध्ये आला. २०१८ च्या निरीक्षणांवरून केलेल्या नव्या चित्रात कड्याचा व्यास तेवढाच राहिला, पण त्याचा सर्वांत तेजस्वी भाग सुमारे ३० अंशांनी सरकलेला दिसला. व्यास ठरतो वस्तुमानावर आणि वस्तुमान वर्षभरात लक्षात येण्याइतके बदलत नाही. तेज ठरते खळबळणाऱ्या वायूवर आणि तो सतत बदलतो. सिद्धांताने जे स्थिर राहील म्हटले ते स्थिर राहिले आणि जे बदलेल म्हटले ते बदलले.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील सॅजिटॅरियस ए-स्टार या कृष्णविवराचे चित्र १२ मे २०२२ रोजी आले. ते सुमारे २७,००० प्रकाशवर्षे दूर असून सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे आहे. मात्र त्याचे अस्तित्व चित्राच्या पुष्कळ आधीच पटले होते. एस२ नावाचा तारा त्याच्याभोवती सुमारे १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो आणि सर्वांत जवळ असताना त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर जातो. इतक्या थोड्या जागेत इतके वस्तुमान, आणि तरीही तिथे तारा दिसत नाही, याचा दुसरा समाधानकारक अर्थ लागत नाही. या कामासाठी राइनहार्ट गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रश्न : कृष्णविवर जवळपासचे सगळे ओढून घेते, तर एखादे आपल्या सूर्यमालेलाही गिळेल का?

उत्तर : नाही. कृष्णविवर दुरून इतर कोणत्याही तेवढ्याच वस्तुमानाच्या वस्तूसारखेच वागते. सूर्याच्या जागी सूर्याइतक्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर पृथ्वी गोठेल, पण तिची कक्षा बदलणार नाही. याचे प्रत्यक्ष उदाहरण आता आकाशातच सापडले आहे. गाया या युरोपीय उपग्रहाच्या नोंदींतून २०२२ मध्ये उघडकीस आलेले गाया बीएच१ हे सुमारे १५६० प्रकाशवर्षांवरचे कृष्णविवर सूर्याच्या जवळजवळ दहापट वस्तुमानाचे आहे. त्याच्याभोवती एक सूर्यासारखा तारा सुमारे १८६ दिवसांत एक प्रदक्षिणा घालतो. दोघांमधले अंतर पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या साधारण दीडपट आहे आणि तरीही त्या ताऱ्याला काही धक्का लागलेला नाही. ‘राक्षसी भूक’ वगैरे शब्दप्रयोगांनी कृष्णविवरांविषयी भलताच समज करून दिला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेले गाया बीएच३ हे सूर्याच्या ३३ पट वस्तुमानाचे कृष्णविवर गरुड तारकासमूहाच्या दिशेला सुमारे २००० प्रकाशवर्षांवर आहे. तेही इतके शांत आहे की केवळ सोबतच्या ताऱ्याच्या डगमगत्या चालीवरून त्याचा पत्ता लागला.

प्रश्न : गुरुत्वीय लहरींमुळे कृष्णविवरांविषयी नवीन असे नेमके काय समजले?

उत्तर : गुरुत्वीय लहरी म्हणजे जड वस्तूंच्या वेगवान हालचालींमुळे खुद्द अवकाशातच उठणारे तरंग. त्यांच्यामुळे समजलेली सर्वांत मोठी गोष्ट ही की, ज्यांच्या आसपास वायू नाही किंवा तारा नाही अशी कृष्णविवरेही आता आपल्याला कळू लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो प्रयोगशाळेच्या लिव्हिंग्स्टन येथील यंत्राने एक क्षीण थरथर नोंदली आणि सात सहस्रांश सेकंदांनी, सुमारे ३००० किलोमीटर दूर असलेल्या हॅनफर्डच्या यंत्रानेही तीच नोंदली. यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूंच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांशांइतका होता. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकत्र येऊन ६२ पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर झाले होते. उरलेले तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या ऊर्जेच्या रूपाने निघून गेले. या खुणेचा, म्हणजे नोंदलेल्या थरथरीचा, ध्वनीत रूपांतर केल्यास ऐकू येण्याजोगा भाग जेमतेम एक पंचमांश सेकंदाचा होता.

त्यानंतर यंत्रांची संवेदनक्षमता कशी वाढली, हे १४ जानेवारी २०२५ च्या नोंदीवरून कळते. ती घटना पहिल्या घटनेसारखीच होती, साधारण तेवढीच वस्तुमाने आणि साधारण तेवढेच अंतर, पण खूण सुमारे तिप्पट स्पष्ट होती. घंटेवर टोल पडला की ती जशी घुमत घुमत शांत होते, तसे नव्याने जन्मलेले कृष्णविवरही काही क्षण कंप पावून स्थिर होते आणि त्या कंपनांवरून त्याचे वस्तुमान व फिरकी काढता येते. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार कृष्णविवरांच्या विलीनीकरणात क्षितिजाचे एकूण क्षेत्रफळ कधीही घटू शकत नाही. मूळच्या दोघांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होते आणि नव्याचे सुमारे ४,००,००० चौरस किलोमीटर भरले. वस्तुमान घटले, पण क्षेत्रफळ वाढले. केवळ कागदावर सिद्ध झालेले एक विधान इतक्या ठामपणे मोजून पाहता यावे, ही मला या दशकातील अत्यंत मोलाची गोष्ट वाटते.

दुसरी नोंद मात्र कोड्यात टाकणारी आहे. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी टिपलेल्या आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या विलीनीकरणातील कृष्णविवरे सूर्याच्या सुमारे १०० आणि १४० पट होती आणि त्यांपासून सुमारे २२५ पट वस्तुमानाचे कृष्णविवर तयार झाले. अतिशय जड ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे जे गणित आपल्याला ठाऊक आहे, त्यानुसार साधारण ६० ते १३० पट या टप्प्यातील कृष्णविवरे ताऱ्याच्या मृत्यूतून थेट जन्मू नयेत, कारण तसा तारा स्फोटात संपूर्णपणे उधळला जातो आणि मागे काही उरत नाही. म्हणून ही दोन्ही आधीच्या विलीनीकरणांची अपत्ये असावीत, असा तर्क आहे. दोघांची वेगवान फिरकी या तर्काला पुष्टी देते, पण अन्य शक्यता अजून बाद झालेल्या नाहीत.

याहून कितीतरी संथ लहरींचे पुरावे जून २०२३ मध्ये पुढे आले. पल्सार ताऱ्यांचे, म्हणजे स्वतःभोवती फिरताना ठरावीक तालात रेडिओ स्पंदने देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे (मृत ताऱ्यांच्या अतिशय घन अवशेषांचे), नियमित ठोके वर्षानुवर्षे मोजून हे काम झाले आणि त्यात पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचाही वाटा आहे. कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना निघणाऱ्या लहरींची ही एकत्रित कुजबुज असावी, असे मानले जाते.

प्रश्न : जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला सापडलेले ‘लहान लाल ठिपके’ म्हणजे काय?

उत्तर : याचे पक्के उत्तर आज कोणाकडेही नाही आणि म्हणूनच तो खगोलशास्त्रातील सध्याचा सर्वांत जिवंत प्रश्न आहे. विश्व जेमतेम ६० ते १५० कोटी वर्षांचे असताना असे लाल, अत्यंत आटोपशीर ठिपके मुबलक होते आणि पुढे ते विरळ होत गेले. सुरुवातीला त्यांना ताऱ्यांनी भरलेल्या दीर्घिका मानले गेले. पण मग इतक्या कमी काळात इतके तारे कसे तयार झाले, हा प्रश्न उभा राहिला. नंतर वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा खूप रुंद आढळल्या. वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरत असल्याची ही खूण आहे आणि ती कृष्णविवराकडे बोट दाखवते. अडचण अशी की वायू गिळणाऱ्या कृष्णविवराकडून अपेक्षित असलेले क्ष-किरण या ठिपक्यांतून फारसे येत नाहीत. त्यामुळे दाट वायूच्या जाड वेष्टनात दडलेले, बाहेरून एखाद्या महाकाय ताऱ्यासारखे भासणारे कृष्णविवर, ही कल्पना २०२५ पासून जोर धरू लागली आहे.

यामागचा मूळ प्रश्न वाढीचा आहे. कृष्णविवरात पडणारा वायू तापून प्रखर प्रकाश देतो आणि त्या प्रकाशाचाच दाब मागून येणाऱ्या वायूला थोपवतो, म्हणून वाढीच्या वेगाला सर्वसाधारणपणे एक मर्यादा पडते. ताऱ्याच्या मृत्यूतून जन्मलेले, सूर्याच्या शंभरपटीच्या आतले कृष्णविवर काही कोटी वर्षांत कोट्यवधी पट कसे होणार? येल विद्यापीठातील प्रियंवदा नटराजन यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी असे सुचवले होते की, सुरुवातीच्या विश्वात वायूचे प्रचंड ढग तारे न बनता थेट कोसळून सूर्याच्या दहा हजार ते एक लाख पट वस्तुमानाची बीजे तयार झाली असावीत. तसे असेल, तर सुरुवातीच्या काही दीर्घिकांत कृष्णविवराचे वस्तुमान सर्व ताऱ्यांच्या बरोबरीचे आढळायला हवे. आज ते प्रमाण साधारण हजारात एक असते. २०२३ मध्ये वेब आणि क्ष-किरण टिपणारी चंद्रा या दुर्बिणींच्या एकत्रित निरीक्षणांतून यूएचझेड१ ही दीर्घिका नेमकी तशीच आढळली, तीही विश्व अवघे ४७ कोटी वर्षांचे असतानाची. एका उदाहरणावरून सिद्धांत सिद्ध होत नाही, पण भाकीत आधी आणि निरीक्षण नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे.

प्रश्न : कृष्णविवरांखेरीज अलीकडे सापडलेल्या विचित्र वस्तू कोणत्या?

उत्तर : दोहोंचा उल्लेख करतो. पहिली म्हणजे रेडिओ लहरींचे क्षणिक स्फोट. असा पहिला स्फोट २००१ मधील नोंदींत २००७ साली सापडला. तो काही सहस्रांश सेकंदच टिकला होता. २८ एप्रिल २०२० रोजी आपल्याच आकाशगंगेतील एका मॅग्नेटारकडून, म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याकडून, तसाच स्फोट आला आणि निदान काही स्फोटांचा उगम तरी निश्चित झाला.

दुसरी वस्तू अधिक गूढ आहे. पल्सार बहुधा सेकंदाला एक ते शेकडो वेळा स्पंदतात, पण २०२२ पासून अशा वस्तू समोर येऊ लागल्या की ज्यांची रेडिओ स्पंदने दर १८ मिनिटांनी, २२ मिनिटांनी येतात. इतक्या संथ फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याने रेडिओ लहरी देणे थांबवायला हवे, असे प्रचलित सिद्धांत सांगतात. ऑस्ट्रेलियातील एस्कॅप या रेडिओ दुर्बिणीने शोधलेली एक वस्तू दर ४४ मिनिटांनी स्पंदते आणि त्याच तालावर क्ष-किरणही देते, हे २०२५ मध्ये जाहीर झाले. सुमारे दोन तासांच्या तालाच्या एका वस्तूचे गूढ मात्र उकलले आहे : तिथे एक श्वेतबटू (सूर्यासारख्या मृत ताऱ्याचा उरलेला गाभा) आणि एक लाल बटुतारा (लहान, मंद तारा) एकमेकांभोवती फिरतात. सर्व संथ वस्तूंना हेच उत्तर लागू पडेल, असे दिसत नाही.

प्रश्न : कृष्णविवर कधी संपते का?

उत्तर : हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांनुसार कृष्णविवरातून अतिशय क्षीण उष्णता बाहेर पडायला हवी आणि त्यामुळे ते हळूहळू झिजायला हवे. ही उष्णता प्रत्यक्ष मोजली गेलेली नाही आणि त्याचे कारण सरळ आहे. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी येते, तर संपूर्ण अवकाश महास्फोटाच्या उरलेल्या प्रारणाने सुमारे २.७ अंशांवर आहे. म्हणजे असे कृष्णविवर आज जेवढी ऊर्जा गमावते त्याहून अधिक मिळवते. ते झिजू लागण्यासाठी आधी सभोवतालचे विश्व त्याच्याहून थंड व्हावे लागेल.