वाचक विचारतात : भितरकनिकाला जाताना

प्रश्न : डिसेंबरात सत्तरीच्या आईबाबांना घेऊन ओडिशातल्या भितरकनिका राष्ट्रीय उद्यानात जायचं आहे. ताडोबा, पेंच बरेचदा झालं. तिथेही पहाटेचीच फेरी धरावी का? गहिरमाथ्याची कासवं त्यातच होतील का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : पहाटेचा हट्ट सोडा. ताडोबात गेटची वेळ गाठायची असते, इथे ओहोटीची. खाऱ्या पाण्यातली मगर हिवाळ्यात ऊन चढल्यावर अंग शेकायला चिखलावर येते, आणि तो चिखल उघडा पडतो ओहोटीलाच. म्हणून दहा ते दोनच्या दरम्यान ओहोटी असेल असा दिवस निवडा. ती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे तारीख काही दिवस मागेपुढे हलवली की जमून जातं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक जवळच्या धामरा बंदराचं पाहा. आत खाडीत पाणी जरा उशिराच उतरतं, तेव्हा नेमकं नावाड्याला विचारा.

खाडीच्या अरुंद फाट्यांत मात्र पाणी चढू लागल्यावरच शिरावं. चढत्या पाण्यात बोट गाळात टेकली तरी आपोआप उचलली जाते. उतरत्या पाण्यात टेकली तर काही तास तिथेच! मगर आधी ओंडकाच वाटते. काठावर पोटाची गुळगुळीत घसरण आणि दोन्ही बाजूंना नखांचे ठसे दिसले, की आसपास नजर ठेवा. इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथरीने फोटो हलतात. हात बोटीबाहेर नको.

कासवं नाहीत. गहिरमाथा हे 1997 पासूनचं वेगळं सागरी अभयारण्य. अंडी घालण्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना सोडत नाहीत. ऑलिव्ह रिडले कासवांचा मोठा लोंढाही बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्यासाठी गंजाम जिल्ह्यातला ऋषिकुल्येचा किनारा पाहा, तोही वेगळ्या वेळी.

नागपूरहून रेल्वेने भुवनेश्वर, पुढे गाडीने गुप्ती किंवा खोला. रस्त्याला चार तास धरा. तिथून बोटीने उद्यानातलं डांगमाळ. मुक्काम दोन रात्रींचा हवाच, एका दिवसात ओहोटी साधेल याचा भरवसा नाही. मगरींच्या विणीसाठी उद्यान साधारण 1 मे ते 31 जुलै बंद असतं, म्हणजे शाळांची उन्हाळी सुट्टी गेलीच. जानेवारीतही मगरींच्या गणतीसाठी काही दिवस प्रवेश नसतो. तुमची सहल लांबली तर आधी चौकशी करा.

आईबाबांना बोटीत पाणी वर असतानाच चढवा. ओहोटीत धक्क्याच्या खालच्या पायऱ्या गाळाने निसरड्या झालेल्या असतात.