चिवट, बळकट की नुसते ‘मजबूत’?

प्रश्न असा आहे, की निसर्गातील रचनांच्या धर्तीवर घडवलेल्या पदार्थांविषयी लिहिताना ‘स्ट्राँग’ आणि ‘टफ’ या दोहोंसाठी ‘मजबूत’ हा एकच शब्द चालेल का, आणि ‘लाइटवेट कॉम्पोझिट’ला ‘हलके संमिश्र’ म्हणता येईल का.

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण शिंपल्यात दिसते. काही शिंपल्यांच्या आतल्या मोतिया थरात सुमारे 95 टक्के ॲरागोनाइट असते, म्हणजे चुनखडीत असते तेच कॅल्शियम कार्बोनेट; बाकीचा भाग मुख्यतः प्रथिनांचा. नुसता ॲरागोनाइटचा खडा ठिसूळ असतो. शिंपल्यात मात्र त्याच्या जेमतेम अर्धा मायक्रोमीटर (मिलिमीटरचा दोन हजारावा भाग) जाडीच्या चकत्या, गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ न देता थर लावतो तशा, एकमेकींवर बसवलेल्या असतात. त्यामुळे भेग पडली तरी ती सरळ आरपार जात नाही. चकत्यांना वळसे घालत, त्यांना एकमेकींवरून सरकवत आणि मधली प्रथिने ताणत तिला वाट काढावी लागते, आणि त्यातच तिचा जोर सरतो. भेगेला दाद न देण्याच्या या गुणाला, म्हणजे ‘टफ’ असण्याला, मराठीत ‘चिवटपणा’ हा नेमका शब्द तयार आहे. पिरगळली तरी तुटून हातात न येणाऱ्या ओल्या फांदीला आपण चिवटच म्हणतो.

‘बळकट’ म्हणजे ‘स्ट्राँग’, मोडण्याआधी पुष्कळ भार पेलणारा. नुकताच ओढलेला काचेचा बारीक तंतू बांधकामातल्या साध्या पोलादापेक्षा अधिक ताण सोसतो, म्हणून तो बळकट. पण एका ओरखड्याने तो कमकुवत होतो, म्हणून चिवट नव्हे. असे असंख्य तंतू रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेसारख्या चिकट पदार्थात, बसवले, की एक तुटला तरी भेग सहसा शेजारच्यापर्यंत थेट पोहोचत नाही, आणि फायबरग्लासला दोन्ही गुण लाभतात. दोन्हींना ‘मजबूत’ म्हटले, तर या पदार्थाची सारी गंमतच वाक्यातून निसटते. (‘टणक’ हा शब्द ओरखडा उमटू न देणाऱ्यासाठी राखून ठेवावा.)

‘संमिश्र’ मला पूर्ण मान्य आहे. मिश्रधातूत घटक अणूंच्या पातळीवर मिसळतात. संमिश्रात ते शेजारी राहूनही वेगळे ओळखू येतात. संमिश्र सरकारातले पक्ष आपापली चिन्हे सोडत नाहीत, तसेच हे.

अडचण आहे ती ‘हलके’ या शब्दाची. ‘हलका माल’ म्हटले, की मराठी वाचकाच्या मनात वजनाआधी दर्जा येतो, आणि विमानाच्या पंखाविषयीच्या मजकुरात तो अर्थ डोकावला तर कठीणच. तेव्हा ‘वजनाला हलके’ असे दोन शब्द खर्चावेत. मी स्वतः असे लिहीन: ‘शिंपल्याच्या धर्तीवर घडवलेले, वजनाला हलके, बळकट आणि तरीही चिवट असे संमिश्र पदार्थ.’ त्यातला ‘तरीही’ मात्र गाळू नये, कारण बळकटी वाढवताना चिवटपणा बहुधा घटतो.